एकही खाडा नाही

गुरुवार, २ जानेवारी

नवी वही. बायकोने विचारलं, "रोज रोज काय लिहिणार त्यात?" मी म्हटलं, निवृत्तीनंतर आठवणी लिहायच्या झाल्या तर हाताशी काहीतरी हवं. तिने भांडी जरा जास्तच आपटली.

आज साहेबांनी खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावलं म्हणजे गोष्ट महत्त्वाची. आमच्या कार्यालयाखाली अकरा शाळा आहेत. गेल्या हिवाळ्यात फ्लूच्या साथीत त्यातल्या तीन आठवडाभर बंद ठेवाव्या लागल्या. नियमच तसा आहे: पटावरची वीस टक्के मुलं एका दिवशी गैरहजर राहिली की शाळेला कुलूप. त्यावरून साहेबांना वरून एक पत्र आलं होतं. ते पत्र साहेब अजून खिशात बाळगतात असं शिपाई सांगतो.

"यंदा एकही शाळा बंद पडता कामा नये," साहेब म्हणाले. "तुम्ही लिहिणारे आहात. काहीतरी काढा डोक्यातून."

उपप्रमुख मार्चमध्ये निवृत्त होताहेत. साहेब बोलताना त्यांच्या खुर्चीकडे बघत होते असं मला वाटलं. कदाचित खिडकीकडेही बघत असतील.

शुक्रवार, ३ जानेवारी

सुचलं! दाढी करताना सुचलं, आणि आनंदाच्या भरात हनुवटी कापून घेतली.

दर बुधवारी आमचं पत्रक निघतं. कोण बढतीवर गेलं, कुणाकडे बाळ झालं, कुणाची तीस वर्षं भरली, कोण वारलं, अशी कर्मचाऱ्यांची वार्ता त्यात असते. एकोणीस वर्षं ते मीच लिहितो. लोक वरून कितीही नाकं मुरडोत, पत्रक आलं की आधी आपलं नाव शोधतात. तर योजना अशी: ६ जानेवारी ते २८ फेब्रुवारी, आठ आठवडे, ज्याचा एकही खाडा पडणार नाही त्याचं नाव शेवटच्या खास अंकात, हिरव्या चौकटीत. हिरवी यादी!

आणि या यादीत कंत्राटी लोकही घ्यायचे. भोजनगृहातल्या बाया, बसवरचे मदतनीस, झाडूवाले. यांच्याकडेही लग्नं होतात, माणसं जातात, पण ती आजवर वार्ता नव्हती. तसा नियम आहे आणि तो मीच टाइप केला आहे. साहेब जरा कुरकुरले. मी म्हटलं, हे लोक घरी बसले की शाळा आपोआप बंद पडते. मग पटलं.

रविवार, ५ जानेवारी

ताईकडे जाऊन आलो. माझी थोरली बहीण. चार नंबरच्या शाळेच्या भोजनगृहात वाढायचं काम करते, तेवीस वर्षं झाली. लग्न केलं नाही. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत एकटी राहते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ताई अकराची. मला सांभाळायला तिचं नाव सहावीतून काढलं. हे ती कधी बोलून दाखवत नाही. फक्त मी एखादा जड शब्द वापरला की म्हणते, "माझ्या वाटची शाळापण तूच खाल्लीस की रे."

कार्यालयात ती माझी बहीण आहे हे कुणाला ठाऊक नाही. लपवलंय असं मुळीच नाही. विषय निघाला नाही, इतकंच.

योजना सांगितली. ताईने चहा गाळता गाळता हात थांबवला.

"म्हणजे माझं नाव छापणार तू?"

"मी नाही. कार्यालय."

"कार्यालयाला माहितेय होय माझं नाव? तेवीस वर्षं मला सगळे 'ओ वाढपीण' म्हणतात."

"एकही खाडा नको मात्र."

"खाडा?" ती म्हणाली. "छोट्या, शाळेच्या कागदावर माझं नाव एकदाच लागलंय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर." मग उगाच हसली, आणि कॅलेंडरशेजारच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "चौकट केवढी लागेल रे?"

छातीचं तिचं जुनंच दुखणं. थंडीत दम लागतो. पण बाई काटक आहे. मी निघालो तेव्हा जिन्यापर्यंत आली आणि माझ्या गळ्याभोवती मफलर नीट करून दिला. बावन्न वर्षांच्या माणसाला!

बुधवार, ८ जानेवारी

पहिला अंक गेला. त्यावरून थोडं रामायण झालं.

पाच शाळांना मिळून आमची एक परिचारिका आहे, तिला सगळे सिस्टर म्हणतात. जिभेला हाड नाही. ती पत्रकासाठी एक ओळ घेऊन आली: "ताप असेल तर घरीच थांबा." मोठ्या अक्षरांत छापा म्हणाली. ओळ तशी बरी होती, माझ्या रकान्यात बरोबर मावणारी. पण साहेबांनी लाल पेनाने काट मारली. "हे छापलं की उद्या अर्धी शाळा घरी. आणि 'साथ' हा शब्द कुठेही दिसता कामा नये." साथीला मी 'हंगामी अस्वस्थता' असा शब्द काढला. सिस्टरच्या ओळीच्या जागी "उत्साह हेच उत्तम औषध" अशी ओळ टाकली.

दुपारी सिस्टरचा फोन. "हे कुठल्या डॉक्टरनं सांगितलं?"

मी म्हटलं, "बाई, ते वाक्य आहे. औषध नाही."

मला स्वतःलाच हे उत्तर फार आवडलं.

मंगळवार, १४ जानेवारी

लोक पेटून उठले आहेत! सात नंबरच्या गणिताच्या बाई अंगात एकशे दोन ताप असताना दिवसभर शिकवत राहिल्या. उद्याच्या अंकात मथळा दिला आहे: "ताप १०२, तरी फळ्यासमोर!" शेजारी त्यांचा फोटो. फोटोत डोळे जरा लाल आले आहेत, पण छपाई काळीपांढरी आहे.

सोमवार, २० जानेवारी

चार नंबरला आज सतरा टक्के मुलं गैरहजर. दोन शाळा पंधरावर. साहेबांनी सकाळपासून तीनदा बोलावलं आणि तीनदा नुसतंच बघितलं.

दुपारी नियमांची फाइल काढून बसलो. नियम म्हणतो, हजेरी सकाळी नऊला घ्यावी. किती वेळ बसावं, हे नियमात कुठेच नाही. म्हणजे नऊ वाजता जो हजर तो त्या दिवसापुरता हजर! मग तो साडेनऊला घरी का जाईना. तसंच कर्मचाऱ्यांचं: मस्टरवर सही झाली की दिवस भरला. ज्यांना बरं नाही त्यांनी नऊला यावं, हजेरी द्यावी आणि विश्रांती घ्यावी किंवा घरी जावं.

साहेबांनी पाठ थोपटली. नुसतं म्हणायचं म्हणून नव्हे, खरोखर उठून थोपटली. अजून खांद्याला जाणवतं आहे.

बुधवार, २२ जानेवारी

फोटोसाठी चार नंबरला गेलो होतो. नऊला पाच कमी असताना फाटकापाशी आईबाप मुलांना ब्लँकेटांत गुंडाळून घेऊन उभे. काही मुलं उभ्या उभ्या झोपलेली. वर्गात हजेरी सुरू झाली, घोगऱ्या आवाजांत "हजर", "हजर". एका मुलीने हजर म्हटलं आणि लगेच बाकावरच ओकली. मुख्याध्यापिकांनी, त्यांना तिथे सगळे मोठ्या बाई म्हणतात, मला विचारलं, "हिला धरायची का?" मी म्हटलं, हजर आधी म्हणाली, धरा. आजचा आकडा चार टक्के!

न्यायला कुणी येईपर्यंत मुलांना भोजनगृहाशेजारच्या कोठीत गाद्या टाकून झोपवतात. बाहेर मी 'विश्रांती कक्ष' अशी पाटी लावून घेतली. गरम पाणी द्यायचं काम ताईकडे दिलं आहे. पंचवीस-तीस मुलं, सगळी खोकणारी, आणि मध्ये ताई तोंडाला ओढणी घट्ट बांधून कपाळावर हात लावत फिरत होती. ओढणीमुळे फोटोत उगाच इस्पितळासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "ताई, ती ओढणी काढ तेवढी." म्हणाली, "अरे, सिस्टरनी बांधायला सांगितलीय." मी म्हटलं, "फोटोपुरती." काढली बिचारीने. उजेड नीट मिळेना, म्हणून तासभर लागला. एक पोरगी तिच्या मांडीवर झोपून तोंडावर खोकत होती, तेवढा फोटो फार छान आला.

नंतर बघतो तर ताई मध्येच आली होती, मांडणीत बसेना. तिच्या बाजूने कापला. तसंही तिचं नाव यायचंच आहे, घाई कसली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

चार आठवडे पूर्ण. एकही शाळा बंद नाही. वरून साहेबांना फोन आला. नवं पत्र आलं की जुनं फेकतील बहुतेक.

गणिताच्या बाई मात्र दवाखान्यात आहेत. वार्तेत "विश्रांतीसाठी रजेवर" असं दिलं. हिरव्या यादीतून नाव गेलं, वाईट वाटलं. एवढा मथळा दिला होता.

सिस्टर ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर बोलली. "आधी मूल घरी आजारी पडायचं. आता सगळी आजारी मुलं तुम्ही रोज सकाळी एका खोलीत गोळा करता. माणसं आहेत का आकडे?" मी शांतपणे म्हटलं, "आकडे उत्तम आहेत, सिस्टर." लोक हसले. बाई नाकाने कांदे सोलते. पाच शाळा धड सांभाळता येत नाहीत आणि आम्हाला शिकवते.

सोमवार, १० फेब्रुवारी

बायकोला तीन दिवस ताप. मी बाहेरच्या खोलीत झोपतो, मला आजारी पडून चालणार नाही. ती नोकरी करत नाही हे एका परीने बरं, आकड्यांवर काही परिणाम नाही. हे मी गमतीने तिला म्हटलंही. तिने भिंतीकडे तोंड केलं.

काल ताई डबा घेऊन आली होती हिच्यासाठी. जिना चढून आल्यावर दारातच खुर्चीवर बसली आणि बराच वेळ बोलेचना. मग म्हणाली, "चौकट आणली रे. काच पण बसवून घेतली."

रविवार, १६ फेब्रुवारी

ताईला खोकला झाला आहे. कोरडा, खोल. मी गेलो तर पलंगावर उशा रचून बसलेली, आडवं झालं की दम लागतो म्हणाली. पलंगाखाली माझ्या पत्रकांचे गठ्ठे दिसले, एकोणीस वर्षांचे, दोरीने बांधलेले. मी म्हटलं, "एवढे कशाला ठेवलेस?" म्हणाली, "तू लिहिलेत ना." मग वरचा अंक उघडून म्हणाली, "ह्याला नातू झाला तर दोन ओळी, आणि हिच्या तीस वर्षांना एकच? वजन बघून लिहितोस होय?"

जिभेची धार शाबूत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सिस्टरचा फोन, नऊच्या सुमारास. "तुमच्या ताईंना घरी पाठवतेय. छाती भरलीये. दोन आठवडे उठायचं नाही."

मी दचकलो. ताई माझी बहीण आहे हे हिला कुणी सांगितलं? आवाज खाली आणून विचारलं. म्हणाली, "त्या स्वतःच सांगतात की सगळ्यांना. भाऊ मोठ्या हापिसात आहे म्हणून. तुम्हीच कुणाला सांगत नाही वाटतं?"

मी विषय बदलला. विचारलं, सही झाली का? पलीकडे ती ताईला 'तुम्ही बसा' म्हणताना ऐकू आली. मग म्हणाली, "झाली."

म्हणजे आजचा प्रश्न मिटला. उरले आठ दिवस. विचार करून ठरवलं: रोज सकाळी मीच ताईला स्कूटरवर बसवून शाळेत नेणार, सही झाली की परत घरी. सख्खा भाऊ असून एवढंही करायचं नाही म्हणजे काय!

बुधवार, १९ फेब्रुवारी

ताईला नेलं. सही. परत आणलं. धुकं फार होतं. मागच्या फाटकाने नेलं, पुढे उगाच चार माणसं विचारतात.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नेलं, आणलं. येताना तिने माझ्या पाठीवर डोकं टेकलं होतं. लहानपणी मी तिच्या पाठीवर झोपायचो ते आठवलं. जॅकेटमधूनसुद्धा ऊब लागत होती, म्हणजे ताप बराच असावा.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शेवटचा आठवडा. सकाळी ताई जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसली. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून म्हणाली, "छोट्या, राहू दे रे आता. नको मला नाव."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. सात आठवडे! मी म्हटलं, "ताई, पाच दिवसांसाठी सगळं पाण्यात घालायचं? तुझंच नाव यावं म्हणून एवढी धडपड केली. आणि शेवटच्या आठवड्यात शाळेतले लोक गळायला लागले तर वर माझं काय राहणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी भूक नाही म्हणायचो आणि तिला खरं कळायचं, तेव्हा बघायची तशी. म्हणाली, "तुला लागतंय ना ते? मग चल."

मला कशाला लागतंय? पण तिला उमेद वाटावी म्हणून हो म्हटलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सही करून ताई मस्टरच्या टेबलापाशीच खाली बसली. ओठ निळसर दिसत होते. मोठ्या बाई ओरडल्या, सिस्टर धावत आली आणि मला बाजूला ढकलून तिला दवाखान्यात घेऊन गेली. मला ऑफिसला उशीर होत होता, माझीही सही राहिली होती, म्हणून संध्याकाळी गेलो. न्युमोनिया आहे म्हणतात. बायको तिथेच थांबली आहे. ती स्वतः अजून नीट बरी नाही, पण ऐकेना.

दोनच दिवस उरलेत. दोनच!

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मार्ग निघाला. सकाळी आठलाच चार नंबरला गेलो आणि तपासणीला हवं म्हणून भोजनगृहाचं मस्टर पिशवीत घालून आणलं. मस्टर कुठे ठेवावं हेसुद्धा नियमात नाही. मी पाहिलंय.

ताईच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. मी रकाना दाखवला, पेन बोटांत दिलं आणि खालून पुठ्ठा धरला. तिला अर्धं मिनिट लागलं. सही चौकटीबाहेर गेली, शेजारच्या बाईच्या रकान्यात शिरली, पण वाचता येते. वेळ आठ पंचावन्न. मुखवट्यातून ती काहीतरी म्हणाली. मी कान जवळ नेला.

"मफलर कुठाय तुझा?"

मागे वळलो तर दारात सिस्टर उभी. मी मस्टर पिशवीत घातलं. मला वाटलं आता तोंड सुटणार, पण ती एक शब्द बोलली नाही. बायको खिडकीशी उभी होती, तीही बोलली नाही. बायका एकमेकींकडे बघून गप्प राहतात तेव्हा त्यांचं काहीतरी ठरलेलं असतं.

संध्याकाळी यादी तयार करून छापखान्यात दिली, ऐनवेळी धावपळ नको. अठ्ठेचाळीस नावं, दोन रकाने. आडनावांप्रमाणे लावली, त्यामुळे ताईचं नाव नेमकं माझ्या नावाखाली आलं. तिचं पूर्ण नाव लिहिताना मी क्षणभर अडखळलो. इतक्या वर्षांत ते लिहायची वेळच आली नव्हती.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

ताई गेली. सव्वाआठला.

मी मस्टर घेऊन जिना चढत होतो. वर पोहोचलो तेव्हा नर्स मुखवटा काढत होती. बायको पलंगाशी बसून ताईचा हात चोळत होती, गार पडू नये म्हणून चोळत होती आणि थांबत नव्हती. मी पिशवी घेऊन उभा राहिलो. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: पाऊण तास. पाऊण तास कमी पडला.

इथे खरं तेच लिहितो. मस्टर हातात होतं, पेन खिशात होतं. ताईची सही मला येते, लहानपणी प्रगतिपुस्तकावर आईच्या जागी तीच सही करायची आणि मी बघून बघून गिरवायचो. कुणाला कळलं नसतं. पण खोटी सही मी आयुष्यात केलेली नाही. बाहेर बाकावर बसून लाल पेनाने आजच्या रकान्यात 'गैरहजर' असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

मग घड्याळ बघितलं. बायकोला म्हटलं, "तू थांब इथे. मी दहाला सही करून लगेच परत येतो." ती म्हणाली, "कुठे?" मी म्हटलं, "ऑफिसात. आज शेवटचा दिवस आहे."

ऑफिसात मस्टरवर सही करताना मला एकदम रडू कोसळलं. इतकं, की शिपायाने पाणी आणून दिलं. काय झालं विचारलं तर मी म्हटलं, हंगामी अस्वस्थता.

माझा खाडा पडला नाही.

रविवार, २ मार्च

ताईची खोली रिकामी केली. सामान फारसं नव्हतंच. पत्रकांचे गठ्ठे इस्त्रीवाल्याने मागितले, कपडे गुंडाळायला. दिले. कॅलेंडरशेजारी खिळ्याला चौकट टांगलेली होती, काच पुसून लख्ख केलेली, आत काहीच नव्हतं. चौकट चांगली आहे. घरी आणली.

सिस्टर आली होती. रडली. ताई तिची कोण लागत होती की इतकं रडावं? जाताना म्हणाली, "तुम्ही कसे झोपता हो?" मी म्हटलं, अजून बाहेरच्याच खोलीत. तिला काय विचारायचं होतं कोण जाणे.

सोमवार, ३ मार्च

उपप्रमुख!

साहेबांनी दार लावून घेतलं आणि हातात हात घेतला. आठ आठवडे, अकरा शाळा, एकही बंद नाही. बढतीची बातमी याच अंकात जाणार, पहिल्या पानावर, फोटोसह, सहा ओळी. त्या मीच लिहायच्या. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या लिहिल्या, स्वतःच्या लिहिताना लाजल्यासारखं झालं.

मग मी भीतभीतच विचारलं. "साहेब, चार नंबरच्या भोजनगृहातल्या एक बाई वारल्या. दुःखद वार्तेत घेऊ का? 'अल्पशा आजाराने' एवढंच. दोन ओळी."

"कंत्राटी?"

"हो."

"मग नियम तुम्हालाच माहितेय. आणि आनंदाच्या अंकात हे कशाला? तुमच्या ओळखीच्या होत्या का?"

मी म्हटलं, "चार नंबरला जाणं-येणं होतं, त्यामुळे."

हिरव्या यादीतलं नाव मात्र माझ्या हातात होतं. एकोणचाळीस दिवस भरले होते, एक पडला. मेलेल्या माणसाचा खाडा धरावा का, यावर मी प्रामाणिकपणे विचार केला. पण आज एकीला सूट दिली की उद्या सगळे मागणार, आणि लोक म्हणणार, उपप्रमुख होताच घरच्यांची वर्णी लावली. नाव काढलं. अठ्ठेचाळीसची सत्तेचाळीस झाली.

बुधवार, ५ मार्च

अंक आला. शाईचा वास अजून बोटांना आहे.

काल छापखान्यातून शेवटच्या क्षणी फोन आला होता. चौकट जुळवून झाली आहे, एक नाव काढल्यावर मध्येच ओळ मोकळी राहते, नावं सरकवायची तर सगळं पुन्हा जुळवावं लागेल. ओळीच्या जागी ओळ द्या म्हणाला. त्याच वेळी साहेबांनी आत डोकावून सांगितलं की हंगामात आपण पालकांना सावधगिरीची सूचना छापली होती का, असं वरून विचारताहेत. आता स्पर्धा संपली, काही हरकत नाही, कुठेतरी टाका. जानेवारीतला काट मारलेला कागद फाइलमध्ये होताच. मी ती ओळ फोनवर सांगितली. दोन्ही कामं एका फटक्यात झाली.

संध्याकाळी हिरवी यादी कापून ताईच्या चौकटीत घातली. मापाला अगदी बरोबर बसली, वर माझी सहा ओळींची बातमीसुद्धा मावली. बाहेरच्या खोलीत लावली. बायको हात पुसत आली आणि काचेवर बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागली. माझ्या नावाशी आली. त्याखाली छापलं होतं: ताप असेल तर घरीच थांबा.

बोट तिथेच राहिलं.

"इथे कोण होतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "ओळ मोकळी होती."

ती आत गेली आणि मधलं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी उगाच पुन्हा चौकटीजवळ जाऊन बघितलं. ओळ नीट बसली आहे, एक अक्षरही इकडेतिकडे झालेलं नाही.